बाप्तिस्म्यानंतर जाणूनबुजून पाप केलं, तर माफी मिळते का? चर्च फोडणाऱ्या एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

समजा, एक माणूस ख्रिस्ती झाला. त्याने बाप्तिस्मा घेतला. आधीची सगळी पापं धुतली गेली, आता नवं आयुष्य सुरू झालं, असं त्याला सांगण्यात आलं. आणि नंतर एके दिवशी त्याने नेमकं तेच केलं, जे करू नये हे त्याला पक्कं माहीत होतं. चुकून नाही, अजाणताही नाही. अगदी ठरवून.

आता अशा पापाला माफी आहे का?

हा प्रश्न जगभरातल्या धर्मगुरूंना आणि पाळकांना आजही विचारला जातो. विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना वाटतं, देव दयाळू आहे, शेवटी माफ करणारच, मग एवढं काय मनावर घ्यायचं? आणि काही जण अगदी दुसऱ्या टोकाला असतात. एकदा घसरलो, आता आपल्यासाठी सगळे दरवाजे बंद झाले, या धास्तीत ते वर्षानुवर्षं जगत असतात.

पण हा प्रश्न काही नवा नाही. जवळपास पावणेअठराशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून चर्चमध्ये उभी फूट पडली होती. एका शहरात दोन-दोन बिशप झाले होते. आज चर्चमध्ये होणारं कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, तिच्यामागेही याच वादाचा मोठा हात आहे.

नेमकं काय झालं होतं? आणि शेवटी उत्तर काय मिळालं? समजून घेऊया.

मुळात अडचण कुठे आहे?

अडचण बायबलमध्येच आहे. कारण तिथे दोन्ही सूर सापडतात.

बायबलच्या जुन्या करारात चुकून घडलेल्या पापासाठी अर्पणं सांगितली आहेत. लेवीय या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायात त्याची सविस्तर यादीच आहे. पण गणना या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात वेगळीच गोष्ट येते. जो मुद्दाम, देवाला आव्हान दिल्यासारखं पाप करतो, त्याच्यासाठी अर्पण नाही. त्याला समाजातून तोडून टाकावं, असं तिथे म्हटलंय.

नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र तर आणखी कडक आहे. त्याच्या १० व्या अध्यायातल्या २६ व्या वचनाचा आशय असा, की सत्य कळल्यानंतरही जाणूनबुजून पाप करत राहिलं, तर पापासाठी दुसरा यज्ञ उरत नाही. अनेक ख्रिस्ती लोकांची झोप उडवणारं वचन हेच.

पण त्याच नव्या करारात योहानाचं पहिलं पत्रही आहे. ते ख्रिस्ती झालेल्या लोकांनाच उद्देशून सांगतं, की पापं कबूल केली तर देव क्षमा करतो. आपण पाप करतच नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो, असंही त्यात म्हटलंय.

शिवाय उदाहरणं आहेतच. दावीद राजाने दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवले आणि ते लपवण्यासाठी तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पाठवलं. यात अजाणतेपणा कुठेच नव्हता. तरी पश्चात्ताप केल्यावर त्याला क्षमा मिळाली. परिणाम मात्र भोगावे लागले. पेत्र हा येशूचा जवळचा शिष्य. ज्या रात्री येशूला अटक झाली, त्या रात्री त्याने येशूला ओळखतच नसल्याचं तीन वेळा सांगितलं. पुढे तोच पेत्र चर्चचा मोठा नेता झाला.

मग खरं काय मानायचं? सुरुवातीच्या काळात यावर निवांत चर्चा करता येत होती. तिसऱ्या शतकात मात्र एका सरकारी आदेशाने हा प्रश्न थेट लोकांच्या दारात आणून उभा केला.

एक सरकारी दाखला आणि कोसळलेलं चर्च

इसवी सन २४९ मध्ये डेसियस हा रोमचा सम्राट झाला. साम्राज्य तेव्हा डळमळीत झालं होतं. जुन्या देवांची कृपा परत मिळवायची, तर सगळ्यांनी त्यांना बळी अर्पण करायला हवा, असं त्याने ठरवलं. आदेश निघाला. प्रत्येकाने स्थानिक अधिकाऱ्यांसमोर जायचं, देवांना अर्पण करायचं, बळीचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा.

ही ऐकीव गोष्ट नाही. इजिप्तच्या कोरड्या हवेत असे चाळीसहून अधिक पपायरसवरचे दाखले टिकून राहिले आणि पुढे संशोधकांच्या हाती लागले. अर्जदाराचं नाव, गाव, 'मी नेहमीच देवांना अर्पण करत आलोय आणि आताही तुमच्यासमोर केलंय' अशा अर्थाचं निवेदन आणि खाली साक्षीदार अधिकाऱ्यांची सही. अगदी सरकारी छापाचा कागद.

ख्रिस्ती लोकांसाठी हे मूर्तिपूजेचं पाप होतं आणि तेही सर्वांत गंभीर. नकार दिला तर तुरुंग, छळ, मालमत्ता जप्त किंवा मृत्यू. रोमचे बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये या छळात मारले गेले.

पण सगळेच फेबियन नव्हते. आजच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेज शहरात ख्रिस्ती लोकांनी अर्पण करण्यासाठी गर्दी केली, असं तिथले बिशप सिप्रियन यांनी खेदाने लिहून ठेवलंय. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला. काहींनी चिमूटभर धूप जाळला. आणि काहींनी तिसराच मार्ग काढला. अधिकाऱ्यांना पैसे चारले आणि अर्पण न करताच दाखला मिळवला. हो, बोगस सर्टिफिकेट तेव्हाही होती.

या सगळ्यांसाठी लॅटिनमध्ये एक शब्द रूढ झाला, लाप्सी. अर्थ, पडलेले.

छळ संपला आणि खरा प्रश्न सुरू झाला

वर्षभरात छळाचा जोर ओसरला. २५१ मध्ये डेसियस लढाईत मारला गेला. आणि 'पडलेले' लोक चर्चच्या दारात परत येऊन उभे राहिले. आम्हाला परत घ्या, म्हणू लागले.

आता जरा त्या काळच्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाच्या जागी जाऊन बघा. तुमचा भाऊ तुरुंगात मेला, कारण त्याने धूप जाळायला नकार दिला. आणि शेजारचा माणूस, ज्याने हसत हसत धूप जाळला, तो आता तुमच्या बाजूला बसून ख्रिस्तप्रसाद घेणार. हे चालेल का?

यावर तीन मतं पुढे आली.

पहिलं मत सोपं होतं. लगेच माफ करून टाका. ज्यांनी तुरुंगवास सोसूनही विश्वास सोडला नव्हता, त्यांना समाजात प्रचंड मान होता. त्यातले काही जण पडलेल्यांना शिफारसपत्रं देऊ लागले आणि लोक ती घेऊन थेट चर्चमध्ये हजर होऊ लागले.

दुसरं मत रोममधल्या नोवेशियन या विद्वान धर्मगुरूचं. देव त्यांना माफ करेल की नाही, ते देव बघून घेईल. पण विश्वास नाकारणाऱ्यांना परत घेण्याचा अधिकार चर्चला नाही. मरणाच्या दारातही नाही. २५१ मध्ये रोमला कॉर्नेलियस हे नवे बिशप निवडले गेले. ते पडलेल्यांना परत घ्यायच्या बाजूचे होते. नोवेशियनने मग स्वतःलाच बिशप म्हणून घोषित करवून घेतलं. एका शहरात दोन बिशप झाले ते असे. त्याचे अनुयायी स्वतःला 'शुद्ध' म्हणवत आणि त्यांचं वेगळं चर्च पुढे काही शतकं टिकलं.

तिसरं मत सिप्रियन यांचं. त्यांची स्वतःची बाजूही नाजूक होती. छळाच्या काळात ते कार्थेज सोडून लपून बसले होते आणि तिथून पत्रं लिहून कारभार चालवत होते. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांचं म्हणणं होतं, की दार बंद करू नका, पण सताड उघडंही ठेवू नका. कोण, कोणत्या परिस्थितीत पडला हे बघा. छळ सोसून शेवटी हार मानणारा आणि आदेश निघताच धावत जाणारा, हे दोघे सारखे नाहीत.

२५१ च्या वसंतात कार्थेजमध्ये बिशपांची सभा भरली. फक्त दाखला विकत घेणाऱ्यांना एकेक प्रकरण तपासून परत घ्यायचं ठरलं. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी मात्र आयुष्यभर प्रायश्चित्त करायचं आणि मृत्युशय्येवर त्यांना परत घ्यायचं.

पण दोन वर्षांच्या आतच बिशपांना हा निर्णय सैल करावा लागला. साम्राज्यात भयंकर साथ पसरली होती. नव्या छळाची चाहूल लागली होती. ज्यांना परत लढायला पाठवायचंय त्यांना निःशस्त्र कसं पाठवणार, असा विचार करून प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांना परत घेतलं गेलं.

सिप्रियन यांचं पुढे काय झालं? २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या काळात पुन्हा छळ झाला. १४ सप्टेंबरला कार्थेजमध्ये त्यांचा शिरच्छेद झाला.

माफी होती, पण १२ वर्षांनी

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'माफी आहे' याचा त्या काळचा अर्थ आजच्यासारखा नव्हता.

इसवी सन ३२५ ची नायसियाची धर्मसभा प्रसिद्ध आहे. तिच्या ११ व्या नियमात अशा लोकांची सोय केली आहे, ज्यांनी जबरदस्ती नसताना, मालमत्तेला धोका नसताना विश्वास सोडला. म्हणजे अगदी आपल्या प्रश्नातलेच लोक. त्यांच्यासाठी नियम असा. ३ वर्षं फक्त वचन ऐकायचं. ७ वर्षं गुडघे टेकून प्रायश्चित्त करायचं. पुढची २ वर्षं प्रार्थनेत सामील व्हायचं, पण ख्रिस्तप्रसाद नाही. एकूण १२ वर्षं. मरणाच्या दारात असलेल्याला मात्र नाही म्हणायचं नाही, हेही त्याच सभेने १३ व्या नियमात सांगून ठेवलं.

याच सभेतला एक किस्सा पाचव्या शतकातले चर्चचे इतिहासकार सॉक्रेटिस यांनी नोंदवलाय. नोवेशियन पंथाचा एक बिशप सम्राट कॉन्स्टंटाइनला आपल्या पंथाची कडक भूमिका समजावून सांगत होता. त्यावर सम्राट त्याला म्हणाला, की मग शिडी लाव आणि एकटाच चढ स्वर्गात.

गंमत म्हणजे कॉन्स्टंटाइनने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर. त्या काळात असं अनेक जण करायचे. कारण तेव्हाच्या पद्धतीनुसार बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप घडलं, तर जाहीर प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच मिळायची. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या 'हर्मसचा मेंढपाळ' या ग्रंथातही बाप्तिस्म्यानंतर एकाच पश्चात्तापाची मुभा सांगितली आहे.

मग लोकांनी हिशोब केला. बाप्तिस्माच पुढे ढकलला, तर? संत ऑगस्टीन लहानपणी आजारी पडले तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा होणार होता. पण ते बरे झाले आणि तो पुढे ढकलला गेला. कारण नंतरच्या पापांचा दोष जास्त मोठा मानला जायचा. अखेर ३८७ मध्ये मिलान शहरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते तिशी ओलांडलेले होते.

बाप्तिस्मा घेऊन बसलेल्या बड्या माणसाने पाप केलं, तर काय व्हायचं, याचंही उदाहरण आहे. ३९० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या आदेशावरून थेस्सलोनिका शहरात कत्तल झाली. पाचव्या शतकातले लेखक थिओडोरेट मृतांचा आकडा ७,००० देतात. मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी सम्राटाला पत्र लिहून कळवलं, की प्रायश्चित्त केल्याशिवाय तुम्ही असताना मी उपासना करू शकत नाही. सम्राटाला राजवस्त्रं बाजूला ठेवून लोकांसमोर प्रायश्चित्त करावं लागलं.

एकदाच मिळणारी माफी वारंवार कशी मिळू लागली?

हा बदल घडवला तो मुख्यतः आयर्लंडच्या मठांनी. सहाव्या-सातव्या शतकात तिथल्या साधूंनी वेगळी पद्धत रुजवली. सगळ्यांसमोर नाही, तर एका धर्मगुरूकडे खासगीत पापं सांगायची. त्याने ठरवून दिलेलं प्रायश्चित्त करायचं. आणि परत पाप घडलं, तर परत यायचं. कोणत्या पापाला किती दिवस उपास, याची पुस्तकंसुद्धा तयार झाली.

याला विरोध झाला नाही असं नाही. ५८९ मध्ये स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेने लोक पुन्हा पुन्हा पाप करून पुन्हा पुन्हा माफी मागतात, यावर कडक नाराजी व्यक्त केली आणि जुनीच पद्धत पाळायला सांगितली. पण काळाचा कल दुसरीकडे होता. १२१५ मध्ये रोमच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापांची कबुली द्यावी, असा नियमच केला. ऐकलेली कबुली बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला आयुष्यभराच्या प्रायश्चित्तासाठी मठात पाठवण्याची तरतूदही त्यातच आहे. गोव्यात कोकणीत या कबुलीला 'कुमसार' म्हणतात.

पुढे या व्यवस्थेत पैशांचा शिरकाव झाला. पापांची शिक्षा कमी करणारी पत्रं विकली जाऊ लागली. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्यातल्या पहिल्याच मुद्द्याचा आशय होता, की ख्रिस्ती माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असायला हवं. म्हणजे पश्चात्ताप हा एकदाचा उरकायचा व्यवहार नाही. यातूनच पुढे प्रोटेस्टंट चळवळ उभी राहिली.

गोव्यात याच प्रश्नाचं भयंकर रूप दिसलं

रोममध्ये सरकार ख्रिस्ती लोकांना जुन्या देवांपुढे झुकायला लावत होतं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात नेमकं उलट घडलं.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धार्मिक न्यायालय सुरू झालं. मधली काही वर्षं सोडली, तर ते १८१२ पर्यंत चाललं. त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. ख्रिस्ती होऊनही जे घरात जुने विधी, जुन्या चालीरीती पाळत, त्यांच्यावर खटले चालले. काही आरोपांखाली हिंदूंनाही यात ओढलं गेलं. १७३६ मध्ये तर ख्रिस्ती गोवेकरांसाठी बंद केलेल्या चालीरीतींची लांबलचक यादीच निघाली. दारात तुळस लावण्यालासुद्धा त्यात मनाई होती.

आता विचार करा. ज्याने दबावाखाली किंवा सवलतींसाठी धर्म बदलला, त्याने गुपचूप तुळशीला पाणी घातलं, तर ते 'जाणूनबुजून केलेलं पाप' कसं म्हणायचं? पण न्यायालयाच्या लेखी ते तसंच होतं. पश्चात्ताप दाखवणाऱ्याला 'माफी' मिळायची, पण सोबत तुरुंग, जप्ती, भर गर्दीत अपमानाचा झगा घालून उभं राहणं हेही यायचं. एकदा माफी मिळून पुन्हा सापडणाऱ्यासाठी शिक्षा सर्वांत कडक होती.

क्षमेचा अधिकार सत्तेच्या हातात गेला, की त्याचं काय होतं, हे इथे दिसतं. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली वापरल्या गेलेल्या असहिष्णू मार्गांचा त्यात समावेश होता. बाप्तिस्मा झालेल्यांच्या पापासाठी खुद्द पोपनी क्षमायाचना केली.

आज वेगवेगळी चर्च काय सांगतात?

कॅथलिक चर्चच्या मते पाप 'प्राणघातक' ठरायला तीन अटी लागतात. कृत्य गंभीर हवं, ते पाप आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि ते स्वेच्छेने केलेलं हवं. भीती, सवय, दबाव यांमुळे जबाबदारी कमी होऊ शकते. पण तिन्ही अटी पूर्ण झाल्या, तरीही माफीचं दार बंद होत नाही. मार्ग आहे प्रायश्चित्त संस्काराचा. मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूकडे कबुली, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि सांगितलेलं प्रायश्चित्त.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही कबुली आहे. पण तिथे पापाकडे गुन्ह्यापेक्षा आजार म्हणून बघण्यावर भर असतो. त्यामुळे प्रायश्चित्त ही शिक्षा कमी आणि औषध जास्त.

बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये कबुली थेट देवाकडे दिली जाते. पण त्यांच्यात एक मोठा मतभेद आहे. खरा विश्वासी कायमचा दूर जाऊच शकत नाही, असं कॅल्विनच्या परंपरेतली चर्च मानतात. तर माणूस विश्वासापासून ढळू शकतो आणि परतही येऊ शकतो, असं मेथडिस्ट परंपरा सांगते.

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने तर या प्रश्नावर स्वतंत्र कलमच लिहून ठेवलंय. १५७१ मध्ये पक्क्या झालेल्या ३९ कलमांमधलं १६ वं कलम. त्याचा आशय असा, की बाप्तिस्म्यानंतर जाणूनबुजून केलेलं प्रत्येक गंभीर पाप अक्षम्य नसतं आणि अशा माणसाला पश्चात्तापाची वाट नाकारू नये. महाराष्ट्रासाठी यात एक धागा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची स्थापना झाली. त्यात जी चर्च एकत्र आली, त्यांत अँग्लिकन परंपरेचं चर्चही होतं.

मग इब्री पत्रातल्या त्या वचनाचं काय?

'दुसरा यज्ञ उरत नाही' म्हणणारं वचन या सगळ्यात कुठे बसतं?

अभ्यासक साधारण दोन गोष्टींकडे लक्ष वेधतात. पहिली, व्याकरण. मूळ ग्रीक भाषेतलं क्रियापद चालू असलेली क्रिया दाखवतं. म्हणजे एकदा पाय घसरला असं नाही, तर ठरवून त्याच वाटेवर चालत राहणं.

दुसरी, संदर्भ. हे पत्र ज्यांना लिहिलं, ते छळाला कंटाळून ख्रिस्ताला पूर्ण सोडण्याच्या बेतात होते. पुढच्याच ओळींत ख्रिस्ताला पायदळी तुडवण्याचा उल्लेख येतो. त्यामुळे हा इशारा रागाच्या भरात खोटं बोललेल्या माणसाला नसून, मिळणारी क्षमाच नाकारणाऱ्याला आहे, असं अनेक भाष्यकार मानतात. जो औषध फेकून देतो, त्याच्यासाठी दुसरं औषध नाही, असा त्याचा रोख.

मत्तयच्या शुभवर्तमानात 'पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप' क्षमा होणार नाही, असं म्हटलंय. त्याचाही अर्थ अनेक परंपरा असाच लावतात. माफी नाही, कारण माणूस ती शेवटपर्यंत घ्यायलाच तयार नाही.

म्हणजे आधी पाप, मग माफी, असं प्लॅनिंग चालतं?

नाही. आणि यावर सगळ्या परंपरांचं एकमत आहे.

कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, हा प्रश्न पहिल्याच शतकात पौलाने रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात विचारला आणि तिथेच ठाम नकार दिला. 'नंतर माफी मागू' असं गृहीत धरून पाप करणं, हेच कॅथलिक शिकवणीत वेगळं पाप मानलं जातं.

जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ मध्ये अशा माफीला 'स्वस्त कृपा' म्हटलं. पश्चात्तापाशिवाय, बदलाशिवाय वाटली जाणारी क्षमा. हे लिहिलं तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता होती आणि चर्चमधले अनेक जण गप्प बसले होते. बोनहोफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी फाशी दिली.

आणखी एक मुद्दा बऱ्याचदा निसटतो. देवाची माफी म्हणजे हिशोब मिटला, असं नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार आठवा. पश्चात्ताप झाल्यावर तो म्हणतो, की ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करीन. ज्याचं नुकसान केलं, त्याची भरपाई करणं हा पश्चात्तापाचाच भाग मानला जातो. चोरलेले पैसे खिशात ठेवून कबुली दिली, तर ती कबुली अपुरी. गुन्हा केला असेल, तर कायद्याची शिक्षाही टळत नाही.

आणि भीतीत जगणाऱ्यांचं काय?

दुसऱ्या टोकाचे लोक कमी बोलले जातात. आपलं पाप माफच होणार नाही, या विचाराने पोखरलेले. तीच ती पापं पुन्हा पुन्हा कबूल करूनही ज्यांना शांती मिळत नाही, असे.

यात मोठमोठी माणसंही होती. ल्यूथर मठात असताना तासन्‌तास कबुली देत बसायचा आणि तरी त्याची भीती जात नव्हती. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनाही सुरुवातीच्या काळात जुन्या पापांच्या आठवणींनी इतकं छळलं, की जीव द्यायचे विचार त्यांच्या मनात आले. याच संघाचे फ्रान्सिस झेवियर पुढे १५४२ मध्ये गोव्यात आले.

आज मानसोपचारतज्ज्ञ अशा सततच्या धार्मिक अपराधभावाला अनेकदा ओसीडी या आजाराचा एक प्रकार मानतात. त्यावर उपचार आहेत. त्यामुळे अशा वेळी समजूतदार धर्मगुरूसोबत डॉक्टरांशी बोलणंही गरजेचं असतं. आणि अक्षम्य पाप केल्याच्या भीतीने येणाऱ्याला धर्मगुरू बहुतेकदा एक साधी गोष्ट सांगतात. ज्याला त्या पापाची इतकी काळजी वाटते, त्याने ते केलेलं नाही. कारण ते पाप करणाऱ्याला माफी नकोच असते.

थोडक्यात, बाप्तिस्म्यानंतर जाणूनबुजून केलेल्या पापाला माफी आहे का, यावर चर्चच्या मुख्य परंपरांचं उत्तर 'आहे' असंच आलंय. वाद राहिला तो वाटेचा. कुणी १२ वर्षं बाहेर थांबवलं, कुणी कबुलीघर बांधलं, कुणी थेट देवाशी बोलायला सांगितलं. पण प्रत्येकाने एक अट कायम ठेवली. माफी मागणाऱ्याने ज्या वाटेवर होता, तिथून मागे वळायला हवं.